सूड : सातशे बाय पंचवीस

१२ एप्रिल २०२६, रविवार. संध्या. ७.४०

आजपासून रोजनिशी. कारण एकच. सूड.

सकाळी साडू आला होता. विश्वजित. मायाच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे समीक्षाचा, नवरा. आष्ट्याहून साताऱ्याला सायकलवर आला. पहाटे साडेचारला निघाला आणि साडेनऊला आमच्या शाहूपुरीच्या पार्किंगमध्ये हजर. बोलावलं कुणी होतं? पाच ग्लास ताक प्यायला. माया वाढत होती आणि कौतुकाने बघत होती. मी चहा मागितला तर म्हणाली, ठेवा की आधण.

निघताना माझ्या सायकलपाशी थांबला. (रोड बाइक. सेकंडहँड. तीन वर्षांपूर्वी घेतली. कंडिशन उत्तम, वापर बेताचा.) पुढच्या टायरवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. हसला आणि म्हणाला, पावणं, ह्यात काय दम न्हाई.

वरच्या मजल्यावरचे दोघे तिथेच गाड्या पुसत होते. दोघांनी ऐकलं. एकाने माझ्या पोटाकडे बघितलं.

वर आणखी म्हणाला, यंदा धोंड्याचा महिना हाय, सात जूनला मामांनी दोघा जावयांना धोंड्याला बोलावलंय. तुमी साताऱ्यावरनं सायकलनं या. मी आष्ट्यात तुमाला गाठतो. पुढं जोडीनं सांगलीत शिरू.

जोडीने म्हणे.

मामा म्हणजे आमचे सासरे, भाऊसो. घराणं जतकडचं, बापजादे मेंढरं राखणारे. मामा मात्र एसटीच्या टायर सेक्शनला लागले आणि चौतीस वर्षांनी रिटायर झाले. त्या घरात जेवताना टायरवर बोलतात. मामांच्या तोंडून 'चांगलं' हा शब्द आजवर दोन टायरांना आणि एका जावयाला मिळालाय. तो जावई मी नव्हे. मी थोरला असून.

प्रतिज्ञा : सात जूनला मी सांगलीत एकटा शिरणार. आष्ट्यात थांबणार नाही. तो वाट बघत बसेल. मामा मला आणि माझ्या टायरला, दोघांनाही, सगळ्यांसमोर 'चांगलं' म्हणतील. साडू ऐकेल.

१३ एप्रिल, सोमवार

ऑफिस सुटल्यावर हरिबाचं सायकलचं दुकान. नवीन टायर घेतले.

रणनीती : विश्वजितकडे नक्की इटालियन टायर असणार. त्याशिवाय माणूस असा हसत नाही. मी त्याला देशी आणि सगळ्यात स्वस्त टायरवर हरवणार. सूड स्वस्तात घेतला की समोरच्याला जास्त लागतो.

हरिबाने 'झुंजार प्लस' काढून दिले. सातशे बाय पंचवीस. नाव आवडलं. हरिबा म्हणाला, सायेब, सस्त्यातलं हाय पर टिकाऊ हाय. हवा तेवढी रोज बघा. शंभरच्या आसपास लागती. आन रस्त्यावरची तार-काच बघून चालवा.

दुकानदारांना गिऱ्हाईक घाबरवायची सवय असते. टायर रबराचं आहे. बघून काय चालवायचंय?

१४ एप्रिल, मंगळवार. सुट्टी

नव्या टायरांची पूजा. हळदीकुंकू, झेंडूचा हार. मायाला म्हटलं, चाकाखाली लिंबू ठेव. ती म्हणाली, सायकलला कुणी लिंबू ठेवतं का? मी म्हटलं, वाहन ते वाहन.

दोन लिंबं ठेवली. बसलो. पॅडल मारलं.

निरीक्षण : मोटारीचं टायर लिंबू चिरडतं. पंचवीस मिलिमीटरचं टायर लिंबावर चढतं. चढल्यावर ते एका बाजूला उतरतं आणि माणूस दुसऱ्या बाजूला.

वरच्या मजल्यावरचे दोघे गॅलरीत होते. आज सुट्टी असल्याने बायकामुलांसह.

निष्कर्ष : टायरवर ओरखडासुद्धा नाही. टिकाऊपणाची पहिली टेस्ट पास. माझा डावा कोपर सोलला. लिंबू शाबूत.

१८ एप्रिल, शनिवार

पडायचं कारण कळलं. दृष्ट. पाच ग्लास ताक पिणाऱ्याची नजर साधी नसते. हँडलला लिंबू-मिरची बांधली. दर शनिवारी बदलणार. शिस्त म्हणजे शिस्त.

सरावाचं वेळापत्रक केलं. रोज पहाटे पाचला उठणे. चाळीस किलोमीटर. रविवारी यवतेश्वरचा घाट दोनदा. तीन रंगांत लिहून कपाटाला लावलं. फार छान दिसतंय.

१९ एप्रिल, रविवार. दुपारी १२.१५

वेळापत्रक करताना जागरण झालं. सराव पुढच्या रविवारपासून. घाई शत्रूला असते.

२६ एप्रिल, रविवार. सकाळी ६.१०

५.४० ला निघालो. अंगात नवी जर्सी. छाती पुढे. गेटच्या बाहेर साठ फुटांवर फुस्स. पुढचं टायर.

१०.३०. हरिबाने टायर उलटं केलं आणि चिमट्याने एक बारीक तार ओढून काढली. म्हणाला, सायेब, ही तार लिंबू-मिरचीची हाय. ह्या तारंत ववत्यात. रोडच्या टायरात ही लय झटकन घुसती.

अंगावर काटा आला. माझ्या गेटसमोर लिंबू-मिरची! म्हणजे करणी. मी सराव सुरू करणार हे कुणाला माहीत होतं? ज्याने आव्हान दिलं त्यालाच.

मायाला सांगितलं. ती म्हणाली, काल जुनी लिंबू-मिरची सोडून तुम्हीच गेटबाहेर टाकलीत ना?

दृष्ट लागलेली वस्तू आपल्या हद्दीत ठेवत नाहीत, म्हणून टाकली. तो वेगळा विषय आहे. पण मायाचं माहेर सांगलीचं. ती विश्वजितच्या बाजूने बोलणार हे धरूनच चाललं पाहिजे.

३ मे, रविवार

पुन्हा. त्याच जागी. तशीच तार. शनिवारी सायंकाळी आणि रविवारी सकाळी यांच्या दरम्यान आष्ट्याचा माणूस इथे येऊन जातो. काल मी नवी बांधून जुनी टाकली तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. मी नीट बघितलं होतं.

हरिबा म्हणाला, सायेब, टायरचा काय दोष न्हाई. मी म्हटलं, मला माहीत आहे दोष कुणाचा आहे.

निर्णय : शत्रूची चाल कळेपर्यंत टायर रस्त्यावर उतरणार नाही. सात जूनला टायर कोरं करकरीत पाहिजे. सायकल आता हॉलमध्ये. टीव्हीशेजारी. मायाचा विरोध नोंदवून घेतला.

या दोन पंक्चर हिशोबात धरायच्या नाहीत. करणी ही टायरची पंक्चर नव्हे.

६ मे, बुधवार. संध्या. ८.३०

मोठा शोध.

सायकल उलटी करून पुढचं चाक पुसत होतो. सहज झटका दिला. चाक फिरलं आणि मीटरमध्ये किलोमीटर पडले. मीटरचा लोहचुंबक पुढच्या चाकाच्या स्पोकवर असतो. रस्ता आहे की नाही हे त्याला कळत नाही.

विचार केला. किलोमीटर कुणाचे असतात? चाकाचे. चाक फिरलं म्हणजे टायर फिरलं. टायर फिरलं म्हणजे चाललं. उगाच रस्ता मध्ये कशाला? रस्त्यावर तारा असतात.

आजचे : ११ कि.मी. दोन सिरियलींमध्ये.

माया बराच वेळ बघत होती. मग आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

१२ मे, मंगळवार

एकूण २१५. डाव्या हाताने बातम्या, उजव्या हाताने सिरियल. उजव्या हाताचा स्पीड चांगला येतो.

'भाऊसो परिवार' या आमच्या ग्रुपवर मीटरचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'झुंजार प्लस. एकही पंक्चर नाही.' विश्वजितने तीन मिनिटांत उत्तर दिलं : पावणं एक नंबर! आणि सहा अंगठे.

सहा अंगठे. ज्याने टायर दाबलं तोच अंगठा. मला टोमणा कळत नाही असं वाटतं त्याला.

१७ मे, रविवार. अधिक महिना लागला

एकूण ४०८. टॉप स्पीड ६१. ग्रुपवर टाकलं.

विश्वजित : ६१? आवं मला उतारावर बी ५० च्या वर जात न्हाई. कसं करता सांगा की.

सांगतो बरं.

मामा ग्रुपवर कधी काही लिहीत नाहीत. आज लिहिलं, 'हवा किती ठेवता?' मी लिहिलं, 'भरपूर.' म्हणजे मामांचं लक्ष आहे. माझ्या टायरवर लक्ष आहे! दुपारभर मन लागेना. अंगणात उभं राहून मामा 'चांगलं' म्हणताहेत आणि विश्वजित चप्पल शोधतोय असं चित्र डोळ्यांसमोर येत होतं.

२१ मे, गुरुवार

उजवा खांदा धरला. डॉक्टरांकडे गेलो. काय करता, विचारलं. सायकलिंग, म्हटलं. ते म्हणाले, सायकलिंगने गुडघे धरतात, खांदा नाही. मी म्हटलं, माझी स्टाइल वेगळी आहे. गोळ्या दिल्या.

एकूण ५७०. गोळी घेऊन डाव्या हाताने अठरा मारले. एका हाताने सूड घ्यायला वेगळी जिद्द लागते.

२९ मे, शुक्रवार

एकूण ९१४. ग्रुपवर मामींनीही हात जोडले. समीक्षाने लिहिलं, 'दाजी, आमच्या ह्यांना तुमचं उदाहरण देते मी.'

हे वाक्य तीनदा वाचलं. मग मायाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? समीक्षाला खरंच वाटतंय ते.

खरंच वाटायलाच टाकलंय. बायकांना युद्धशास्त्र कळत नाही.

३ जून, बुधवार

एकूण ११२०. आता मुख्य मोहीम.

सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटर. मी शांतपणे विचार केला. टायरचं सव्वाशे किलोमीटर आयुष्य एका जेवणासाठी घालवायचं? आणि माझे सव्वाशे तर कधीच चालवून झालेत. आगाऊ. ते पुन्हा चालवणं म्हणजे एकच काम दोनदा करणं. ऑफिसात आम्ही असं करत नाही.

आमच्या शिपायाचा भाऊ अर्जुना टेम्पो चालवतो. रविवारी पहाटे आल्याची पोती घेऊन सांगलीला जाणार आहे. सायकल पोत्यांवर आडवी बसते. मोजून बघितली.

सांगलीच्या अलीकडे उतरायचं, शेवटचे दोन-तीन किलोमीटर चालवत शिरायचं. बघणारे शेवटच बघतात.

अर्जुना म्हणाला, सायेब, मग मोटारीनंच जावा की सरळ. म्हटलं, मग सायकलवर आलो असं कसं म्हणता येईल?

६ जून, शनिवार

माया सकाळच्या एसटीने सांगलीला गेली. जाताना म्हणाली, अजून वेळ आहे, माझ्याबरोबर बसने चला, कुणी काही म्हणणार नाही. मी फक्त हसलो.

एकूण १२४०. थांबलो. आकडा फार गोल नको. खरा वाटत नाही.

विश्वजितचा फोन. उद्या सात वाजल्यापासनं आष्ट्याच्या स्टँडपाशी उभा ऱ्हातो. ताक घिऊन. दमानं या, ऊन लय हाय, पाऊस बी न्हाई अजून. मी म्हटलं, हो हो.

उभा राहा म्हणावं.

७ जून, रविवार. पहाटे ५.०५

टेम्पोत. रोजनिशी सोबत. इतिहास जागेवर लिहिलेला बरा. फोन बंद केला. फोनवर आवाज आला असता तर टेम्पो कळला असता.

७.२५. आष्टा. इस्लामपुरातच टेम्पो थांबवून पुढून मागे पोत्यांत आलो आणि ताडपत्री ओढून घेतली. फटीतून बघितलं. उभा होता! स्टँडपाशी, रस्त्याच्या कडेला, सायकल पायाला टेकवून. हँडलला ताकाची किटली. साताऱ्याच्या दिशेला मान लांब करून बघत होता. एक दूधवाला सायकलवर येताना दिसला तर हात वर केला. तो मी नाही हे कळल्यावर खाली केला.

टेम्पो त्याच्यापासून चार हातांवरून गेला. मी आल्याच्या पोत्यात तोंड घालून हसलो. नाकात माती गेली. इस्लामपूरपासून दाबून धरलेली शिंकही आली. अर्जुना ओरडला, काय झालं वं?

आठ आठवडे. या एका क्षणासाठी.

७.५५. सांगलवाडी. पुलाच्या अलीकडे उतरलो. अडचण : साताऱ्याहून सायकलवर निघालेला माणूस आठला पोचत नाही. कितीही चांगला असला तरी. बाराच्या आत जाऊन चालणार नाही. एका टपरीमागे झाडाखाली बसलो. तीन वडापाव. चहा. पुन्हा चहा. तोंड वीस मिनिटं उन्हात धरलं. रंग आला पाहिजे.

१०.४०. झोप लागली होती. अजून वेळ आहे. तो अजून तिथेच असेल का? असेल. ताक एव्हाना आंबट झालं असेल. बरं झालं.

११.५०. डोक्यावर पाणी मारलं. जर्सीवरही. निघालो. मोहीम शेवटच्या टप्प्यात.

१२.४०. सगळं नीट लिहितो.

बाराला पाच मिनिटं कमी असताना पूल ओलांडला. दम लागला, तो खरा होता. मला वाटलं होतं, दारात मामी तांब्या घेऊन उभ्या असतील, भाकरतुकडा ओवाळून टाकतील. मामा रस्त्यावर उभे होते. एकटे. डोळ्यांवर हात धरून. मला बघितलं. आत वळून ओरडले, आलं गं! हाय नीट!

माया धावत आली. आधी माझे हात बघितले, मग गुडघे, मग ओरडली. फोन कुठं होता? फोन कुठं होता तुमचा? तिला असं ओरडताना मी बघितलेलं नाही.

विश्वजितने सातपासून फोन लावले. बंद. आठला बंद. नऊला बंद. साडेनऊला तो म्हणाला, काय तरी झालंय, पावणं रस्त्यात पडल्यात. आणि सायकलवर साताऱ्याच्या दिशेने निघाला. मला शोधत.

मायाने तिथेच त्याला फोन लावला. तो कराडच्या अलीकडे मालखेड फाट्यावर होता. स्पीकर चालू होता म्हणून मलाही ऐकू आलं. म्हणाला, पोचलं? धडधाकट? मग निघालो मी. मामी म्हणाल्या, आवो, गाडी पाठवतो, उनाचं नका येऊ. तो म्हणाला, सायकल कुठं टाकू? येतो मी.

समीक्षा कोपऱ्यात बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, फोनची बॅटरी. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

१.३०. स्वयंपाकघरात दोन ताटं झाकून ठेवली आहेत. तेहतीस धोंडे या ताटात, तेहतीस त्या. पुरणाचा वास सगळ्या घरात. मामा म्हणाले, दोघं एकदम बसतील. त्याआधी कुणी काही खाणार नाही. मामींना साखरेचा आजार, त्यांनी गोळी घेतली आणि नुसतं पाणी प्यायल्या. मला भूक नव्हती. तसं सांगता येत नव्हतं.

मामी जवळून गेल्या आणि म्हणाल्या, आल्याचा वास येतोय. मी म्हटलं, स्टॅमिनासाठी खातो.

२.१०. मामांनी माझी सायकल ओट्यापाशी घेतली. चष्मा लावला. चाक हळूहळू फिरवत टायरवरून बोट फिरवलं. मी पुढे झालो आणि म्हटलं, मामा, झुंजार प्लस. बाराशे चाळीस. एकही पंक्चर नाही.

मामा म्हणाले, टायर चांगलं हाय.

म्हणाले! आठ आठवडे ज्याची वाट बघितली ते म्हणाले. ऐकायला मी आणि समोरच्यांची शेळी.

मग मला म्हणाले, जावईबापू, हिकडं बघा. टायरवर बारीक रबराचे केस होते. मी कधी लक्ष दिलं नव्हतं. मामा म्हणाले, टायर साच्यातनं निघतं तवा अंगावर हे असं क्यास ऱ्हातात. कडंचं ऱ्हातात म्हैनाम्हैना. मधलं, जिथं रस्ता लागतो, ते पैल्या दिवशीच जातात. एसटीचं असू दे न्हाईतर सायकलचं.

माझ्या टायरचे मधले केस निम्म्याच्या वर शिल्लक होते. मामांनी एकावर बोट टेकवलं. तो वाकला आणि पुन्हा उभा राहिला.

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, क्वालिटी आहे.

व्हय, म्हणाले. चष्मा काढून खिशात ठेवला.

३.५०. विश्वजित आला.

सायकलवरून उतरताना पाय उचलेना, सायकल तशीच कलती केली आणि बाहेर पडला. तोंड काळंनिळं. ओठ फुटलेले. किटली रिकामी. सरळ माझ्याकडे आला आणि दोन्ही हातांनी माझे दंड चाचपले. म्हणाला, पावणं, मला वाटलं कुठं चरीत पडलाय. पेठनाक्यापातूर दोन्ही बाजूची चर बघत गेलो. समदी पंक्चरची दुकानं इचारली. साताऱ्याचा माणूस, झुंजार प्लस टायर, आला हुता का? कोण न्हाईच म्हणायचं. मग लय भ्या वाटाय लागलं.

मग खाली बसला. समीक्षा तेव्हा रडली. इतका वेळ रडली नव्हती.

हाच तो क्षण. मी हा रोज टीव्हीसमोर बघत होतो : साडू हरलेला, घामाघूम, माझ्यामागून आलेला, आणि मी ओट्यावर. सगळं तसंच होतं. मजा येत नव्हती. उपाशी असल्यामुळे असेल असं वाटलं. पण मी उपाशी नव्हतो.

मामांनी त्याची सायकल उचलली आणि माझ्या सायकलशेजारी भिंतीला लावली. त्याचं टायर बघितलं. झुंजार प्लस. सातशे बाय पंचवीस.

मी विचारलं, इटालियन कुठे गेलं? तो म्हणाला, कसलं इटालियन? आवं, मामांनीच घ्या म्हणलं ह्ये टायर. दोन वर्षं झाली. सहा हजार चाललं. तुमाला एप्रिलातच सांगणार हुतो, तुमच्या जुन्या टायरात वीस बी हवा न्हवती, रिम खराब हुईल म्हणून. ताकाच्या नादात ऱ्हाऊनच गेलं.

त्याचं टायर मधून चपटं झालं होतं. गुळगुळीत. एक केस नाही. सगळ्यात स्वस्त टायर किती टिकतं हे मला सिद्ध करायचं होतं. ते सिद्ध झालेलं होतं, दोन वर्षांपासून, आष्ट्यात.

विश्वजित दोन्हीकडे बघत राहिला. मग खऱ्या कौतुकाने म्हणाला, माझं बघा कसं झालंय. आन तुमचं बाराशे चालून कोरं करकरीत. पावणं, कसं वो?

सगळे माझ्याकडे बघत होते. माया जमिनीकडे.

मी तोंड उघडलं. मामा म्हणाले, थोरलं जावई टायर जपत्यात. ज्याची त्याची पद्धत असती. चला, हातपाय धुवा, ताटं थंड झाल्यात.

दोघांना एकदम बसवलं. एकदम ओवाळलं. पहिला धोंडा विश्वजितने उचलला आणि माझ्या ताटात ठेवला. म्हणाला, सव्वाशे मारून आलाय, खावा.

मी खाल्ला.

६.१५. निघताना मामा मला फाटकापर्यंत सोडायला आले. आजूबाजूला कुणी नव्हतं. हळू आवाजात म्हणाले, जावईबापू, ते क्यास झिजलं की मला फोन करा. तवर ग्रुपवर मीटर टाकू नका.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सायकल स्टँडवर अर्जुनाच्या रिकाम्या टेम्पोत चढवली. माया बघत होती. आम्ही दोघं एसटीने. इस्लामपूर गेल्यावर ती एकदाच बोलली. म्हणाली, समीक्षा सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा प्यायली नव्हती.

८ जून, सोमवार. सकाळी ७.०५

सूड पूर्ण झाला. तशी नोंद करतो.

५.५० ला उठलो. हवा भरली. पंपावर शंभर येईपर्यंत भरली, खांदा दुखेपर्यंत. सायकल खाली नेली. गेटबाहेर रस्ता बघितला, मग बसलो. माहुलीच्या रस्त्याला लागलो. वाऱ्यावर टायरचा आवाज येतो, मला माहीत नव्हतं. बारीक, शिट्टीसारखा.

२.३ किलोमीटर. मग मागचं टायर बसलं. कशाने ते दिसलं नाही.

रस्त्याच्या कडेला बसून हे लिहितोय. हरिबा दहाला दुकान उघडतो. सीटखालच्या पिशवीत नवी ट्यूब आहे, तीन वर्षांपासून, ती कशी घालतात ते मला येत नाही. ग्रुप उघडला. काल संध्याकाळी विश्वजितने आमच्या दोघांचा ताटावरचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, 'आमचे साडू. १२४० कि.मी. एक बी पंक्चर न्हाई.' एकवीस जणांनी टाळ्या वाजवल्यात.

माया उठली असेल. तिला फोन नाही लावला.

विश्वजितला लावला. पहिल्या रिंगला उचलला. मी म्हटलं, पंक्चर झालीय, टायर कसं उतरवायचं सांग. तो म्हणाला, ते सांगतो. आधी सांगा, पडला न्हाई न्हवं?

मी म्हटलं, नाही.